अंगठ्याखालचा चौकोन

आपापली लघवी प्लास्टिकच्या पेल्यात धरून शेकडो माणसं इतक्या शिस्तीत उभी असलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. बसच्या रांगेत एकमेकांच्या पायावर पाय देणारी, तिकिटाच्या खिडकीवर कोपराने ढोसणारी हीच माणसं. पण इथे कुणी कुणाला धक्का देत नव्हतं. धक्का देणं परवडणारं नव्हतं.

चमत्कार म्हटला की तो डोंगरमाथ्यावर किंवा निदान एखाद्या झाडाखाली व्हावा, अशी आपली समजूत असते. हा सभागृहाच्या स्वच्छतागृहापासून सुरू होऊन व्यासपीठापर्यंत जात होता. रांगेवर देखरेख करायला पांढऱ्या डगल्यांतले स्वयंसेवक होते. डगले घातले की विज्ञान होतं, हे त्यांना कुणीतरी पटवलेलं असावं. एकाच्या खिशावर कुठल्याशा बेकरीचं नाव भरतकामात होतं.

व्यासपीठावर जो गृहस्थ होता त्याला सगळे ‘गुरुवर्य’ म्हणत. मी मनातल्या मनात पट्टीबाबा म्हणत होतो, कारण त्याचं सगळं मोठेपण एका पट्टीवर उभं होतं. बोटभर लांबीची प्लास्टिकची पट्टी, टोकाला दोन रंगीत चौकोन. औषधाच्या दुकानात डबीत मिळते. लघवीत बुडवली आणि लघवीत साखर असली, की निळा चौकोन तपकिरी होतो.

“आधी!” पट्टीबाबा ओरडायचा आणि कुणा काकांच्या पेल्यात पट्टी बुडवायचा. मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर चौकोन तपकिरी व्हायचा. सभागृह हळहळायचं. मग काकांना ‘शोधनजल’ नावाचं पाणी भरपूर पाजलं जायचं, त्यावर दीड-दोन तास प्रवचन पाजलं जायचं, आणि काका पुन्हा रांगेत.

“नंतर!” पट्टी बुडायची. चौकोन निळाच्या निळा. टाळ्यांनी छत हलायचं.

“मी औषध देत नाही,” पट्टीबाबा सांगत होता. “मी पेशींना आठवण करून देतो. साखर बिचारी दारात उभी आहे, आणि आतून पेशी विचारतेय, कोण आपण? मी फक्त दोघींची ओळख करून देतो!” हशा. “सुया कुणाच्या? कंपनीच्या! बोट टोचायची यंत्रं कुणाची?”

“कंपनीची!” सभागृह.

“आणि पट्टी?”

“सत्याची!”

पट्टीच्या डबीवरही एका कंपनीचंच नाव होतं, पण ती डबी टेबलावर पाठमोरी ठेवली होती. गुरुवर्यांचा नियम एकच होता. रक्त तपासायचं नाही. रक्तात पेशींची आठवण असते, टोचलं की ती गळून जाते. लघवीत म्हणे आठवण नसते, म्हणून ती कितीही चालते.

मी तिथे संशोधन करायला गेलो नव्हतो. पहिल्या रांगेत माझी भाची बसली होती.

तिला घरात मुंगी म्हणतात. हे नाव तिच्या साखरेच्या दुखण्याच्या आधीचं आहे, त्यामुळे त्यात विनोद शोधू नये. ती स्वतः मात्र शोधते. पंधरा वर्षांची पोर. तिचं शरीर इन्सुलिन बनवतच नाही, लहानपणापासून नाही. पथ्य, व्यायाम, मनोबल हे सगळं इतरांसाठी. तिला रोज सुई लागते, जशी आपल्याला हवा लागते.

ताईचा सकाळी फोन आला होता. “तू ये. वहिनीलाही सांग. ह्यांच्यापुढे माझं काही चालत नाहीये.”

हे म्हणजे भाऊजी. शहराच्या पाणीपुरवठ्यात मोठे अभियंते. माणूस अडाणी नाही, उलट शिकलेला असल्यामुळेच ही पंचाईत झाली होती. उभं आयुष्य त्यांनी नळाच्या पाण्यात औषधाचे थेंब टाकून रंग वाचले. रंग आला, क्लोरीन आहे. नाही आला, नाही. “माणूस खोटं बोलेल, रंग बोलत नाही,” हे त्यांचं कार्यालयातलं वाक्य. पट्टीबाबाने त्यांना नेमका रंगच दाखवला होता.

मी मुंगीजवळ वाकलो. ओठ सुकून तडकले होते. मांडीवर पाण्याची बाटली, रिकामी.

“काय गं मुंगे?”

“मामा, पोटात खूप दुखतंय. आणि तहान थांबतच नाहीये.”

“इन्सुलिन कधी घेतलंस?”

तिने आधी वडिलांकडे पाहिलं. “कालपासून बंद केलंय.”

“शुद्धी चालू आहे,” भाऊजी म्हणाले. “गुरुवर्यांनी आधीच सांगितलंय. अगोदर उलट्या होतील, मग दम लागेल, मग मोकळं वाटेल.”

“सगळं क्रमाने चाललंय म्हणायचं. शेवटची पायरी त्यांनी जरा मोघम ठेवलीय.”

“तुझी थट्टा घरी ठेव. चार वेळा पट्टी पाहिली मी स्वतः. साखर नाही.”

ताईने मुंगीचा हात दोन्ही हातांत धरला होता आणि तिच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती.

मी बाहेर येऊन बायकोला फोन लावला. माझी बायको जवळच्याच मोठ्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत डॉक्टर आहे. तिच्याकडे रोगी येत नाहीत, त्यांचे आकडे येतात. न पाहिलेल्या माणसाच्या रक्तावरून त्याच्या मूत्रपिंडाची तब्येत सांगणं हे तिचं काम. पाहिलेल्या नवऱ्याचं मन ओळखणं त्यामानाने तिला किरकोळ वाटतं.

“श्वास कसा घेतेय?”

“खोल खोल. जिना चढून आल्यासारखा. बसल्या जागी.”

“तोंडाला वास?”

“गोडसर. नखांचं पॉलिश पुसायच्या औषधासारखा.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. “तिला तिथून हलव. आत्ता. मी रुग्णवाहिका घेऊन निघते. आणि ते पाणी चवीला कसं आहे?”

“ताई म्हणत होती, फार आंबट. दात आंबतात.”

“आंबट,” ती म्हणाली. “बरं. तिथे कुठे ग्लुकोज मिळतंय का बघ. पुडा.”

“ग्लुकोज? अगं, तिची साखर—”

“तिच्यासाठी नाही. त्याच्यासाठी.”

मुंगीला हलवणं जमलं नाही. मी तिला उठवायला गेलो तर बेकरीचा डगला आडवा आला. “साक्ष झाल्याशिवाय जाता येणार नाही. हिचं नाव पडद्यावर आलंय.” भाऊजींनी माझं मनगट धरलं आणि हलक्या, पण कधी न ऐकलेल्या आवाजात म्हणाले, “मुलगी माझी आहे.” साक्ष म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. व्यासपीठावर काचेची एक मोठी पेटी होती, ‘मुक्तिपेटी’. बरे झालेल्यांनी आपल्या सुया, इन्सुलिनची पेनं, बोट टोचायची यंत्रं तिच्यात टाकायची आणि मागे वळून पाहायचं नाही. पेटी अर्ध्याच्या वर भरली होती. भाऊजींच्या घरातलं यंत्र तळाशी कुठेतरी होतं. आज मुंगीची पेनं पडायची होती.

मी धावत उपाहारगृहात गेलो. “ग्लुकोज आहे?”

“नाही. साखर आहे.”

मी कलाशाखेचा पदवीधर. साखर ती साखर. मूठभर पुड्या खिशात कोंबून परत आलो, तोवर मुंगी व्यासपीठावर पोचली होती. ताईने तिला एका बाजूने सावरलं होतं.

पट्टीबाबाने पट्टी बुडवली आणि कॅमेऱ्यासमोर धरली. चौकोन निळा, नीट पाहिलं तर कडेला किंचित हिरवट. “उरलंसुरलं निघतंय!” तो गरजला. “जन्माची सुई आज संपली! टाक बाळ, पेटीत टाक!”

मुंगीचा हात पेटीवर गेला. मुठीत इन्सुलिनची दोन पेनं होती. टाळ्या आधीच सुरू झाल्या होत्या.

“थांब, मुंगे.”

माझी बायको बाजूच्या पायऱ्यांवरून वर येत होती. प्रयोगशाळेतून तशीच निघाली होती, अंगात पांढरा डगला. स्वयंसेवकांनी तिला आपलीच समजून अदबीने वाट करून दिली.

“पट्टी बघू?” ती पट्टीबाबाला म्हणाली.

“अवश्य, भगिनी. संशोधन सर्वांना खुलं आहे.”

“अंगठा काढून.”

“काय?”

“पट्टीवर दोन चौकोन असतात. एक तुम्ही दाखवताय. दुसऱ्यावर तुमचा अंगठा आहे. दारातून येतानाच पडद्यावर दिसलं.”

त्याने अंगठा काढला नाही. तिने पट्टीच काढून घेतली आणि कॅमेऱ्यासमोर धरली. पडद्यावर, निळ्या चौकोनाच्या शेजारी, दुसरा चौकोन उघडा पडला. जर्द जांभळा. मधल्या रांगेतून कुणीतरी “अगं बाई!” म्हणालं.

“इन्सुलिन नसलं की शरीराला साखर वापरता येत नाही,” बायको म्हणाली. “मग ते चरबी जाळायला लागतं, आणि त्या जळण्यातून आम्ल तयार होतं. हा जांभळा रंग त्या आम्लाच्या कुळातला. तिला दम लागलाय तो शुद्धीमुळे नाही. रक्तातलं आम्ल श्वासावाटे बाहेर टाकायला तिचं शरीर धडपडतंय. रुग्णवाहिका दारात उभी आहे. भाऊजी, तिला घेऊन चला.”

“जांभळा हा तर शुद्धीचाच रंग!” पट्टीबाबा सावरला होता. सभागृहाने सुटकेचा श्वास टाकला आणि टाळ्या वाजवल्या.

भाऊजी खालून वर आले. चेहरा घामेजलेला. “वहिनी, तो दुसरा रंग राहू दे. साखरेचा चौकोन निळा आहे ना? साखर नाही ना?”

“साखर आहे. दिसत नाहीये.”

“ऐका!” पट्टीबाबाने ध्वनिक्षेपक उचलला. “डॉक्टरीणबाई म्हणतात, दिसत नाही पण आहे! विश्वास ठेवा म्हणतात! अंधश्रद्धा म्हणतात ती हीच का हो?”

सभागृह खदाखदा हसलं. मला कबूल केलं पाहिजे, वाक्य चांगलं होतं.

बायकोने माझ्यापुढे हात केला. मी एव्हाना पायऱ्या चढून वर आलो होतो, पुड्या दिल्या. तिने मुंगीकडे बघत बघतच त्या एका पेल्यात फोडल्या, पाणी घातलं. “हे साखरेचं पाणी. पट्टी आता तपकिरी होईल. मग त्यात यांचं जल घालू आणि पुन्हा बघू.” पाठमोऱ्या डबीतून तिने नवी पट्टी काढली आणि बुडवली.

चौकोन निळाच राहिला.

सगळे वाट पाहत होते. चौकोन निळा. सभागृह पुन्हा हसलं. “बाईंच्या साखरेलाही मधुमेह नाही!” पट्टीबाबा म्हणाला. भाऊजींनी मुंगीच्या दंडाला धरून तिला पुन्हा पेटीकडे वळवलं.

बायकोने फोडलेली पुडी उचलून वाचली, मग माझ्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ही नजर नवीन होती.

“हे काय आणलंस?”

“साखर.”

“मी काय सांगितलं होतं?”

“ग्लुकोज. तेच ना?”

“तेच नाही. चहातली साखर वेगळी, रक्तातली वेगळी. ही पट्टी फक्त रक्तातलीच ओळखते.” तिने पुडी चुरगळून टाकली. “ग्लुकोजच हवं होतं.”

“मामी.”

मुंगी खाली बसली होती. उभं राहवत नव्हतं. “माझ्या बॅगेत आहे. पुस्तकांच्या मागे.”

भाऊजी चमकले. “मी टाकून दे म्हटलं होतं ना?”

“सुई जास्त झाली तर साखर एकदम उतरते, बाबा. मग ते खावं लागतं. नाहीतर वर्गातच पडते मी.” तिने श्वास घेतला, तोही दोन हप्त्यांत. “मला माहीत होतं, सुई परत लागणार आहे.”

ताईने बॅग उपडी केली. ग्लुकोजचा चुरगळलेला पुडा वह्यांबरोबर बाहेर पडला. इन्सुलिनवर जगणारी मुलं ते जवळ बाळगतातच. आपण रुमाल बाळगतो तसं.

बायकोने नवा पेला, नवं पाणी घेतलं, अर्धा चमचा पांढरी पूड ढवळली. मग पट्टी स्वतः न बुडवता भाऊजींच्या हातात दिली. “तुम्ही करा. रंग वाचणं हे तुमचं काम आहे.”

“हा वेळकाढूपणा—” पट्टीबाबा पुढे झाला. पण भाऊजींनी पट्टी घेतली होती. आणि चाचणी हातात घेतली की त्यांचा चेहरा बदलतो, हे मी त्यांच्या कार्यालयात पाहिलंय. पट्टी बुडवली, झटकली, उजेडाकडे धरली.

हिरवा. मग तपकिरी.

“आता ह्याच पेल्यात शोधनजल घाला,” बायको म्हणाली. “तेवढंच.”

त्यांनी टेबलावरच्या भांड्यातलं जल ओतलं. नवी पट्टी बुडवली. पडद्यावर चौकोन दिसत होता. निळा. निळाच. हिरवाही होईना.

“पाहिलंत!” कुणीतरी मागून ओरडलं. “पेल्यातली साखरसुद्धा गेली!”

“गेली का?” बायकोने पेला भाऊजींच्या ओठांशी नेला. “पिऊन सांगा.”

भाऊजी प्यायले. ध्वनिक्षेपक जवळच होता, त्यामुळे घोट गिळल्याचा आवाजही सगळ्यांनी ऐकला.

“गोड आहे,” ते म्हणाले. मग जरा थांबून, “गोड आणि आंबट.”

बायकोने पेला टेबलावर ठेवला.

“साखर आहे तिथेच आहे,” बायको म्हणाली. “पट्टीवर साखर आली की एक पदार्थ तयार होतो, तो रंग चढवतो. ह्या पाण्यात क जीवनसत्त्व आहे. फळातलंच, पण मुठीमुठीने. पोटात गेलं की तासा-दोन तासांत लघवीत उतरतं आणि तो रंग चढवणारा पदार्थ आधीच फस्त करतं. तो संपला की—”

“की रंग येत नाही,” भाऊजी म्हणाले. ते तिच्याशी बोलत नव्हते, हातातल्या पट्टीशी बोलत होते. “आमच्याकडेसुद्धा... नमुन्याच्या बाटलीत आधीच क्लोरीन मारणारी पूड पडलेली असली, तर पाण्यात क्लोरीन असूनही रंग येत नाही. बाटली आधी तपासा, असं मीच पोरांना शिकवतो.” त्यांनी मान वर केली. “बाटली आधी तपासा.”

त्यांनी मुंगीच्या हातातली पेनं काढून आपल्या खिशात घातली आणि तिला उचललं. पंधरा वर्षांच्या मुलीला उचलून पायऱ्या उतरणं सोपं नसतं. बेकरीचा डगला बाजूला झाला. पट्टीबाबा सांगत होता की काही नकारात्मक व्यक्तींमुळे सभागृहातली ऊर्जा बिघडली आहे आणि उरलेले प्रयोग पुढच्या वेळी होतील. तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत मुक्तिपेटीजवळ आले आणि म्हणाले, “माझं यंत्र द्या परत.” त्यानंतर पेटीभोवती झुंबड उडाली. शिस्त मात्र नव्हती.

रुग्णालयात बोट टोचल्यावर यंत्राने आकडाच दाखवला नाही. इतकी साखर मोजायची त्याची कुवत नव्हती. मग प्रयोगशाळेचा अहवाल आला. भाऊजी तो उभ्यानेच वाचू लागले. साखर, लाल. रक्ताची आम्लता, लाल. आम्ल शोषून घेणारा क्षार जवळजवळ संपलेला, लाल. त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं आणि चेहऱ्यावर जरा जीव आला.

“पोटॅशियम तरी बरोबर आहे.”

“मला त्याचीच धास्ती आहे,” बायको म्हणाली.

“बरोबर आहे त्याची?”

“रक्तात आम्ल वाढलं आणि इन्सुलिन नसलं की पेशींमधलं पोटॅशियम बाहेर रक्तात येतं. म्हणून आकडा भरलेला दिसतो. आतून साठा रिकामा झालेला असतो, लघवीवाटे वाहून गेलेला. आता इन्सुलिन सुरू केलं की रक्तातलं पुन्हा पेशींत शिरणार आणि आकडा कोसळणार. फार कोसळला तर हृदयाचे ठोके चुकतात. म्हणून शिरेतून पोटॅशियमही देताहेत आणि पुन्हा पुन्हा रक्त तपासताहेत. एकट्या आकड्याला काही अर्थ नसतो, भाऊजी. त्याच्या शेजारी कोण उभं आहे ते बघावं लागतं.”

भाऊजी बाकावर बसले. ताई त्यांच्याशेजारी बसली नाही. समोरच्या भिंतीला टेकून उभी राहिली. पुढचा प्रत्येक अहवाल आला की बायको तो आधी स्वतः वाचायची, आणि आम्ही अहवालाऐवजी तिचा चेहरा वाचायचो. एकदा पोटॅशियम खरंच घसरलं. नळीतला थेंबांचा वेग बदलला. मग ते हळूहळू सावरलं, आणि मागोमाग मुंगीचा श्वास उथळ झाला, साधा, झोपलेल्या माणसाचा.

दुसऱ्या दिवशी ती उशाला टेकून बसली होती. भाऊजींनी इन्सुलिनचं पेन तिच्या हातात दिलं, दोन्ही हातांनी. “मुंगे, मी...”

“बाबा, बाटली आधी तपासा,” ती म्हणाली. आणि हसली. भाऊजींना काही हसता आलं नाही.

पट्टीबाबा म्हणे दुसऱ्या शहरात गेला आहे. तिथेही सभागृहं आहेत, स्वच्छतागृहं आहेत, आणि आकड्याला भिणारी माणसं तर सगळीकडेच आहेत. म्हणून वाचकांना एक साधी विनंती. कुणी पाणी देऊन दुखणं गेलं म्हणत असेल तर रक्त तपासा, ते वाचता येणाऱ्याला दाखवा, आणि तो सांगेपर्यंत चालू असलेलं औषध बंद करू नका. तपासायचं नाही असा ज्याचा नियम असेल, त्याला तो नियम का लागतो ते विचारा. आणि कुणी तुमच्यासमोर निळा चौकोन धरला, तर शेजारचा अंगठा बाजूला करून बघा. त्यासाठी एक हात मोकळा लागतो. टाळ्या वाजवणाऱ्याचे दोन्ही गुंतलेले असतात.